पंधरा दिवसांची डिस्क

"उद्या पंधरावा दिवस," रुख्माबाई म्हणाल्या. "उद्या पुसलं जाईल ना रे ते?"

संघदीप टीव्हीखालचा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा उघडून बसला होता. कुडव्यात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. चार वर्षांपूर्वी रुख्माबाईंच्या नवऱ्याने, ईश्वरदासजींनी, कॅमेरे लावून घेतले ते त्याच्याकडूनच. एक फाटकावर, तीन घरात. शेतावर असले तरी ते मोबाइलवर घर बघत.

ईश्वरदासजींची तेरवी काल झाली होती. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडून होते.

"जुनी डिस्क पाचशे जीबीची होती, काकी. पंधरा दिवस भरले की सगळ्यात जुना दिवस पुसते अन् त्याच्यावर नवा लिहिते."

"होती म्हणजे?"

"आता चार टीबीची टाकून राहिलो. आकार तेवढाच, पण चार महिने सांभाळते. जुन्यातलं सगळं यात उतरवलं. काकाचा शेवटचा दिवस आता कुठं जात नाही."

रुख्माबाईंनी पदर सारखा केला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि लग्नाचा फोटो एकच होता. फोटोवाल्याचा रोल वरातीतच संपला होता. त्या एका फोटोतही ईश्वरदासजींचे डोळे मिटलेले. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"कायले केलास रे एवढं?"

"राजकुमारीताईनं फोन केला. म्हणे, बाबाले शेवटचं पाहायचं आहे. ते पडले तवा तुमी मागं होत्या ना?"

"मागं. धान वाळवत होती."

"आवाज बी नाही आला?"

"नाही."

राजकुमारी आतून आली आणि आईला टेकून बसली. रडून तिचा आवाज बसला होता. "लाव, भाऊ."

"राहू दे बाई," रुख्माबाई म्हणाल्या. "तुले झेपणार नाही."

"मी पोहोचली तवा त्यायले तिरडीवर बांधून ठेवलं होतं, माय. मले पाहू दे."

संघदीपने तारीख टाकली. रुख्माबाई पडद्याकडे बघत राहिल्या. उठल्या नाहीत.

पडद्यावर दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ईश्वरदासजी पडवीत कोसळले. त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. रुख्माबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि सावकाश, घोट घोट करत, सगळं पाणी स्वतःच प्यायल्या.