इलारिओनचा वारस

मृत्युपत्र इलारिओनने जिवंतपणीच, भाऊबंदांना अंगणात बसवून मास्तरांकडून वाचून घेतलं. घर, शेत, सोळा मेंढ्या, सगळं सेवेरोला. म्हणजे बापाला जामीन राहायला लावून ट्रक घेणाऱ्या आणि त्या ट्रकसकट चिलीत पळालेल्या दिवट्याला! अकरा वर्षं बापाचं हगणंमुतणं काढणाऱ्या निकानोराला मात्र काही नाही.

"बाबा, माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुझं तुझं घर आहे ना? त्यात सुखानं राहा."

निकानोराने सूप भरवणं सोडलं नाही, अंथरूण बदलणं सोडलं नाही. बोलणं तेवढं सोडलं. महिनाभराने म्हातारा तसाच गेला. तिला फार वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

आठव्या दिवशी गाव नदीवर जमलं. मेलेल्याचे कपडे वारसाने धुवायचे, वाटायचे, त्याच्याच मेंढ्या कापून गावाला जेवू घालायचं. त्याशिवाय जीव वाटेला लागत नाही. सेवेरोचा पत्ता नव्हता.

"वारस कोण?" गावप्रमुखांनी विचारलं.

निकानोराकडे बघून एक म्हातारी पुटपुटली, "हिला काय विचारता? बापानंच झिडकारलीय."

निकानोरा ताडकन उठली. "वारस मी! आणा मेंढ्या!"

तिने कपडे धुतले, बापाचे पोंचो वाटले, दोन मेंढ्या कापल्या आणि गावच्या वहीत वारस म्हणून ठसठशीत सही केली. टाय घातलेला एक परका माणूस दोन ताटं जेवला आणि आपणहून साक्षीदार म्हणून सही करून गेला. माणसं भली असतात, असं तिला त्या दिवशी वाटलं.

वहीची नक्कल घेऊन ती ला पाझला, मृत्युपत्र करणाऱ्या नोटरीकडे गेली.

"आता तरी माझं नाव लावा, साहेब."

नोटरीने कागद दोनदा वाचला. "ही सही तुमची?"

"माझीच. साऱ्या गावादेखत केलीय."

"बाई, खाली साक्षीदार म्हणून सही आहे ती बँकेच्या वसुलीच्या माणसाची. त्या ट्रकचं कर्ज तुमच्या वडिलांच्या अंगावर होतं. सगळं विकूनही फिटलं नसतं. वारस म्हणून जो त्यांच्या वस्तूला हात लावील, त्याला ते स्वतःचं घर विकून फेडावं लागतं. मृत्युपत्र करायला मी गावात आलो, तेव्हाच त्यांना हे सांगितलं होतं."

"मग? काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, 'पोर माझी मानी आहे. चारचौघांत तिला काही नाही म्हणून सांगतो, मग ती माझ्या काडीलाही हात लावायची नाही.'"