वाक्य न तोडणारं टिंब

मुद्रितशोधक बाईंच्या घरी नवा संगणक आला आणि त्याची एक खोड लगेच त्यांच्या डोक्यात गेली. शब्दापुढे टिंब दिसलं, की वाक्य संपलं असं धरून तो उरलेला मजकूर खालच्या ओळीवर ढकलायचा. ‘डॉ.’ वर राहायचं आणि डॉक्टरांचं नाव खाली.

दुकानदार फोनवर म्हणाला, “मावशी, आत अपवादांची यादी असते. तिच्यात ‘डॉ.’, ‘प्रा.’ घाला, मग नाही तोडणार.”

बाईंनी यादी उघडली. तिच्यात आधीच एक नोंद होती, ‘वा. ब.’

वाट बघ. बाहेर पडताना यजमान चिठ्ठीवर एवढंच खरडून जायचे. त्यांना वारून तीन वर्षं झाली होती, आणि हा संक्षेप त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता.

“यादीत तुम्ही काही घातलंत का?”

“नाही हो. खोकं तुमच्यासमोरच फोडलं ना?”

बाईंनी फोन ठेवला. नोंद पुसायला त्यांचं मन होईना. कोऱ्या पानावर त्यांनी हळूच टाइप केलं, ‘वा. ब.’ ओळ तुटली नाही. मग, इतक्या दिवसांत कुणाजवळ बोलल्या नव्हत्या ते त्यांनी पुढे लिहिलं, ‘बघतेय’.

हात मांडीवर असतानाच त्याच ओळीत पुढे दोन अक्षरं उमटली. ‘दा. उ.’

हा संक्षेप त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी उलगडायला क्षणही लागला नाही. भर दुपारी त्या उठल्या. बाहेर कुणाची चाहूल नव्हती. त्यांनी दाराची कडी काढली.