गंगाधरपंतांचा एक फेरा

वेल्ह्याकडच्या त्या जुनाट वडाभोवती गंगाधरपंतांनी पांढऱ्या सुताचा एक वेढा पुरा केला, टोकं जुळवून गाठ मारली आणि मिशीवर ताव दिला.

मिशीचाच तर प्रश्न होता. या वडाच्या बुंध्यात आपली अख्खी कचेरी मावेल, असं ते भोरला चारचौघांत बोलून बसले होते. सोबतचा कारकून उपेंद्र भलता खवट. म्हणाला, "तोंडी माप नको. दोरा आणून दाखवा, नाहीतर मिशी उतरवा." ही पैज साऱ्या भोरला ठाऊक होती, घरच्या मंडळींनासुद्धा.

घरची मंडळी, म्हणजे शैलजाबाई, गाडीजवळ पाठ फिरवून उभ्या होत्या. किकवीला माहेरी नेतो म्हणून नवऱ्याने गाडीत बसवलं आणि आणलं कुठे, तर झाड बघायला! गाडी किकवी सोडून नसरापूरच्या वाटेला लागली, तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

पंत दोरा सोडायला वाकले, तोच शेजारच्या शेतातून म्हातारी साळूबाई खुरपं घेऊन धावत आली.

"आवं रावसायेब, सोडताय कुठं त्यो? बायकूम्होरं?"

"माप न्यायचंय, बाई."

"कसलं माप? वडाला दोरा गुंडाळला, गाठ मारली. जल्मोजल्मी हीच बायकू दे म्हनून सांगून झालं की! आन आता सोडताय, म्हंजी नको झाली व्हय?"

"अहो, ते बायकांचं व्रत!"

"बाई हाय का बाप्या, वडाला काय ठावं?"

पंतांना हसू यायला हवं होतं. पण शैलजाबाई आता इकडे वळल्या होत्या आणि नुसत्या गाठीकडे बघत होत्या. पंतांच्या डोळ्यांपुढे उपेंद्राचे विचकलेले दात आले, न्हाव्याचा वस्तरा आला. त्यांची बोटं गाठीवर गेली आणि तिथेच थबकली.

"राहू दे," ते पुटपुटले. "गाठ फार घट्ट बसलीय."

परतीच्या वाटेवर त्यांचा हात सारखा ओठावर जात होता. नसरापूर आलं तेव्हा शैलजाबाई सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या.

"मिशीचं काय एवढं? ती उगवते परत."

पंतांनी मान डोलावली.

"गाडी आधी किकवीला घ्यायला सांगा," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "बाबांना मिशीसकट भेटून घ्या."