मास्तरांची कॉफी

"अगं, इकडे ये. चोर सापडला."

बेकरीच्या मागच्या खोलीतून हाक आली तेव्हा ती फडताळात पाव लावत होती, कालचे पुढे आणि आजचे मागे. हात पुसत आत गेली. मास्तर ओट्यापुढे उभे होते. हातात क्रीमची पिशवी, तोंडावर हसू. ते हसू तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत ते त्यांच्या अक्षरामुळे. शाळेत ते शिकवायला कधी गेले नाहीत, आणि शिकायला गेले तेही नाइलाजाने. पण केकवर त्यांनी लिहिलेलं नाव कापायला लोकांचा हात धजत नसे. कडेकडेनेच केक संपवायचे. गेल्या काही महिन्यांत त्या अक्षराला कंप सुटला होता. परवा तर एका बाईने केक बघून कौतुकाने विचारलं, "नातवाने लिहिलं वाटतं?" मास्तरांनी हो म्हणून टाकलं. नातू कुठला, त्यांना मूलबाळच नव्हतं.

"हे बघ," ते म्हणाले. ओट्यावर बटर पेपर पसरलेला होता आणि त्यावर क्रीमने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. "वरची कॉफीच्या आधीची, खालची कॉफीनंतरची. आता बोल."

वरची ओळ बरी होती. खालची पाण्यात पाहिल्यासारखी हलत होती.

"डॉक्टर म्हणालेच होते ना? कधी थायरॉइड वाढतं, कधी लिव्हर मंदावतं, कधी एखादी नवी गोळी आड येते, आणि जन्मभर पचलेली कॉफी एकदम बाधायला लागते. रक्तात काही निघालं नाही ते सोड. पण ही कॉफीच. आजपासून बंद."

डॉक्टर आणखीही एक बोलले होते. महिनाभर कॉफी सोडून बघा. हात थांबला तर उत्तम. नाही थांबला तर दोष कॉफीचा नाही, मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. त्यावर मास्तर ताडकन उठले होते. कॉफी सोडण्यापेक्षा बायको सोडीन म्हणाले होते, आणि बायको शेजारच्याच खुर्चीवर बसलेली होती.

घरी आल्यावर तिने गुपचूप त्यांच्या डब्यातली पूड बदलली. कॅफीन काढलेली कॉफी दुकानात होतीच, झोप न येणारी दोन-तीन गिऱ्हाइकं मागायची. रंग तोच, वास जवळजवळ तोच. मास्तरांनी एकदाच तोंड वाकडं केलं आणि पाणी घालतोस म्हणून दूधवाल्याला झापलं. बिचारा दूधवाला. आता महिना कधीच उलटून गेला होता. रोज सकाळी कप त्यांच्या हातात दिला की ती कान बशीकडे लावून उभी राहायची. बशी वाजायची ती वाजतच होती. आज सांगू, उद्या सांगू करत तिने तोंड उघडलं नव्हतं.

म्हणजे आताच्या कपातही हात हलवणारं काही नव्हतं. आणि वरची ओळ सरळ आली होती ती मास्तरांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं म्हणून. मघाशी पाव लावताना तिने दारातून पाहिलं होतं. खालच्या ओळीला त्यांनी मनगट सोडून दिलं असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तिच्या मनात आलं आणि तिला भडभडून आलं.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

मास्तर तिच्याकडे बघत होते, शाबासकी मिळेल म्हणून थांबलेल्या पोरासारखे. सांगितलं तर हे हसू आत्ता इथे, ओट्यापाशीच, पुसलं जाणार होतं. न सांगितलं तर आणखी एक महिना हातचा जाणार होता.

"कप द्या," ती म्हणाली. "धुते."

"कप राहू दे. आधी हे बघ." त्यांनी केक पुढे ओढला. कुणीतरी निवृत्त होत होतं, ऑफिसातल्या लोकांनी मागवला होता. 'आता आराम करा' एवढंच लिहायचं होतं, आणि माणूस न्यायला येण्यातच होता. "महिनाभर केकवर तू लिही. तोवर माझा हात ताळ्यावर येतो. मग तुला सुट्टी."

"मला कुठे जमतंय?"

"मी आहे ना."

त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि मागे उभं राहून तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. त्यांचा हात ऊबदार होता. त्याच्या आत काहीतरी बारीक, न थांबता फडफडत होतं. इतके दिवस तिने ते नुसतं पाहिलं होतं, हाताला आज पहिल्यांदा लागलं.

'आता' कसंबसं उमटलं. 'आराम'ही झालं. मग मास्तरांनी हळूच हात काढून घेतला.

"आता तुझी तू."

तिने पिशवी दाबली. डोळे भरून आले आणि केक दिसेनासा झाला. उरलेला शब्द अडखळत, वर-खाली होत कडेपर्यंत गेला.

मास्तरांनी वाकून आधी अक्षरं पाहिली, मग तिची बोटं.

"अगं, तुझाही हात कापतोय की," ते म्हणाले. "तुलाही कॉफीच बाधत असणार. तूही सोड."

"सोडते," ती म्हणाली.