निकालात पहिली शाळा

केल्टनच्या शाळेतल्या हॉगनबाईंच्या पत्राला रसेलने उत्तरच दिलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, "अक्षरांशी झगडणारा तुमचा मुलगा ओवेन इथे आता कुठे वाचू लागलाय. त्याला हलवू नका."

घरांची दलाली करणारी बहीण ग्लेंडा तेव्हा हसली होती. "दादा, बाईला स्वतःच्या वर्गाची काळजी! आमच्या गावची शाळा निकालात पहिली आहे."

राहतं घर विकून रसेल बहिणीच्या गावी आला. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका गोड हसल्या. "अशा मुलांना आम्ही दुसऱ्या गावी पाठवतो, म्हणून तर निकाल पहिला! ग्लेंडा बोलली नाही? आमच्या शाळा मंडळावरच आहे ती."

त्याच संध्याकाळी रसेलने हॉगनबाईंच्या पत्राचं उत्तर टपालपेटीत टाकलं.



"बाई, सोमवारपासून ओवेन तुमच्याच वर्गात येतोय. बसने, दीड तासावरून."