कॉकवरचं कुंकू

“वळणावर मीच गाडी जास्त दाबली, अण्णा. तुमच्या कामात खोट नाही,” शर्वरी म्हणाली. भर शर्यतीत इंजिन जाम झालं होतं. पाठमोरी होऊन ती हेल्मेट पिशवीत भरत होती. “आता पुन्हा स्टीअरिंगला हात लावणार नाही.”

अण्णा मिस्त्रींनी बॉनेटखाली डोकं घातलं. वळणावर पंपाला ऑइल कमी पडलं, तर तेवढ्यापुरतं इंजिनाला मिळावं म्हणून त्यांनीच ही जास्तीची टाकी जोडली होती. सकाळी गाडीच्या पूजेत तिच्या कॉकलाही कुंकू लावलं, नारळ फोडला आणि कॉक उघडायचाच राहिला.

अजूनही तो बंदच होता. शर्वरीकडे बघत त्यांनी हळूच फिरवला.

टाकीत दाबाखाली कोंडलेलं ऑइल सूंऽऽ करत मेलेल्या इंजिनात धावलं.

शर्वरी वळली. “कसला आवाज, अण्णा?”

अण्णांचा हात कॉकवरून निघेना.