दुपारी एक ते तीन

"तुझा सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या घरी ठेवलेली आपली भांडी," बाप लेकाला म्हणाला. "ऐन वेळी मिळतील याचा काय भरवसा?"

या बापापुढे वाद जिंकणारा माणूस त्या घरात अजून जन्माला यायचा होता.

बाप घड्याळं दुरुस्त करणारा. जे आपल्या टेबलावर नाही ते आपलं नाही, एवढंच त्याला कळे. थोरल्या मुलीचा, ताईचा, ब्लॉग तो घरच्या मशीनवरच्या प्रोग्राममध्ये वाचायचा. मशीन चालू असलं की प्रोग्राम ब्लॉगवर डोकावून यायचा, नवा लेख दिसला की उचलून घरात आणून ठेवायचा. लेक ब्लॉगचं सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याचा प्रोग्राम सर्व्हरवर. तो दर दहा मिनिटांनी फेरी मारी, घरात कुणी जागं असो वा नसो. यावरून बापलेकांची अशी जुंपे की ताई म्हणायची, मी लिहिते ते तुम्हाला भांडायला मिळावं म्हणूनच.

ताईला जाऊन तीन महिने झाले होते. ब्लॉग भावोजींनी बंद करून टाकला होता. बापाला तिच्या लेखांचं पुस्तक काढायचं होतं, आणि प्रेसवाला थोड्या वेळात फोन करणार होता.

"माझ्याकडे चारशे बारा आहेत," बाप म्हणाला. "तुझ्याकडे बघ. कमीच निघतील."

लेकाने लॅपटॉप उघडला. चारशे तेरा.

शेवटचा त्याने कधी उघडलाच नव्हता. सर्व्हर सगळं गोळा करतोय म्हटल्यावर वाचायची घाई कुणाला? तारीख ताई गेली तीच. दुपारी एक चाळीसला टाकलेला. पन्नास मिनिटं वाट बघून तिनेच काढून घेतलेला.

'बाबा, फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी काहीच झालं नाही म्हणेन. म्हणून इथे लिहिते. तुम्ही सगळ्यांच्या आधी वाचता. मला येऊन घेऊन जा.'

"अडलास कशात?"

"मोजतोय."

"एवढा वेळ? अरे, माझ्या मशीनला चौदा वर्षं झाली, एकदा कुरकुरलं नाही. का ते सांग."

"दुपारी एक ते तीन बंद ठेवता म्हणून," लेक म्हणाला.

"आता कसं बोललास. यंत्रालाही डोळा लागू द्यावा लागतो. तुम्हा लोकांना हे कोण शिकवणार?"

लेकाने त्या शेवटच्या लेखावर बोट ठेवलं आणि 'पुसा' निवडलं. पुसलेलं परत मिळणार नाही, चालेल ना, असं सर्व्हरने विचारलं. सभ्य बिचारा, कामावर असताना कधी चुकला नाही. लेकाने 'चालेल' दाबलं.

"चारशे बारा," तो म्हणाला.

"बघ!"

तेवढ्यात फोन वाजला. "हो हो, पूर्ण आहे," बाप प्रेसवाल्याला सांगत होता. "दोन्हीकडून ताडून पाहिलंय." मग फोनवर हात ठेवून तो लेकाकडे वळला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

"पहिल्या पानावर काय घालायचं विचारतोय. 'एकही शब्द न गाळता' असं घालू?"

"घाला, बाबा."